वेट आणि वेट

जळगावकडच्या यावलहून इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन मला चौथा आठवडा लागला. "तिकडं काय चाललंय ते लिही गं" असं बी.एड.च्या मैत्रिणींचं टुमणं सुरू आहे, म्हणून हे.

इथला शिक्षकाचा कोर्स, पीजीसीई, एका वर्षाचा. त्यातले किमान 120 दिवस शाळेत काढायचे, तेही निदान दोन वेगळ्या शाळांत. म्हणजे आपली इंटर्नशिपच. पाठ टाचण इथंही सुटत नाही. हजेरी दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारच्या सुट्टीनंतर. मुख्याध्यापिकेला सगळे शिक्षक नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून अजून 'मॅडम'च निघतं. पोरं मला 'मिस' म्हणतात, पुढं आडनाव लावायच्या भानगडीत पडत नाहीत.

मला पहिलीचा वर्ग मिळाला. पाच वर्षांची पोरं, सतरंजीवर मांडी घालून. इथं वाचन शिकवतात ते आधी अक्षरांच्या नावांनी नाही, आवाजांनी. त्याला फोनिक्स म्हणतात. जूनमध्ये पहिलीच्या प्रत्येक मुलाची एकेकट्याला बसवून तपासणी होते : 40 शब्द, त्यातले 20 खरे आणि 20 चक्क बनावट. बनावट शब्दाशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे पोराला कळावं की याला अर्थ नाही, नुसते आवाज जोडून वाच. पाठांतर केलेलं पोरगं तिथं बरोबर सापडतं. ही युक्ती मला फार आवडली.

आवडली खरी, पण दुसऱ्याच आठवड्यात मीच सापडले. कार्डावर जनावरांच्या डॉक्टरचं चित्र. मी म्हटलं, "वेट." वर्ग गप्प. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मिस, ते ओलं झालं." आणि स्वतःचे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवले. "असं. दात लाव."

आपल्याकडे 'व' एकच. ओला तोही वेट, ढोरांचा डॉक्टर तोही वेट. इथं लिहितानासुद्धा मला वेगळं दाखवता येत नाहीये. एकाला ओठांचा चंबू, दुसऱ्याला दात. इंग्रजी माध्यमात शिकले, एम.ए. केलं, आणि हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मेंटॉर बाई, म्हणजे शाळेतल्या माझ्या मार्गदर्शक शिक्षिका, मागे बसून काहीतरी लिहीत होत्या. नंतर चहा करून दिला, तेव्हाच ओळखलं काय लिहिलं असेल.

त्या रात्री मला आमच्या इंटर्नशिपची जिल्हा परिषदेची शाळा आठवत राहिली. आपल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. पोरं 'शाया' म्हणायची, 'डोया' म्हणायची, आणि मी खडू आपटून, "शाया नाही, शाळा! पुन्हा म्हण!" एका मुलाला तर सगळ्या वर्गापुढं दहादा म्हणायला लावलं होतं. तो नंतर माझ्या तासाला बोलेनासाच झाला. मी समजत होते, शिस्त लागली. घरी मी स्वतः 'केयी'च म्हणत होते की.

केळ्यांवरून आठवलं. इथं दुकानात पाच केळ्यांची फणी मिळते, एकेकाला कोलंबियाचं स्टिकर. सगळी एका मापाची, चव मात्र बेताची. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी आधी भाव विचारला, मग मी कशी आहे ते.

काल आईचा फोन. इथं दुपार, तिथं रात्र. सध्या साडेचार तासांचा फरक आहे. "शाया कशी हाये तुही?"

"बरी हाये."

सोमवारी त्याच दातांच्या आवाजाची उजळणी मला घ्यायची आहे, मेंटॉर बाई निरीक्षणाला. म्हणून रोज सकाळी बाथरूमच्या आरशापुढं ओठ दाताखाली धरून उभी असते. बाहेरून रूमवाली दार वाजवते. चौघींत एकच बाथरूम आहे.