चोर्ला, आंबोली करता करता शेवटी खोलाच्या रस्त्याला

ऑगस्ट लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर पुण्याच्या दादाचा मेसेज येतोच येतो. यंदाचा असा होता, ‘पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, फोंड्याला येतोय, बीच नको, मस्त सिनिक ड्राइव्ह प्लॅन कर.’ खाली वैनीचा अंगठा. म्हणजे ठरलं.

बाहेरच्यांना वाटतं गोव्यात राहणारा माणूस रोज संध्याकाळी समुद्रात पाय बुडवून बसतो. आम्ही फोंड्याचे, आम्हाला समुद्र बघायचा तर घरी पाहुणे यावे लागतात. त्यामुळे दादाचं ‘बीच नको’ ऐकून मला खरं तर बरंच वाटलं होतं, पण मग प्रश्न उरला की न्यायचं कुठे, कारण गाडीत बसणारी माणसं कोण कोण ते बघा: आई, वय बहात्तर, गुडघे गेलेले, दर तासाला थांबायला लागतं, आमचे चिरंजीव, वय दहा, घाटातल्या पाचव्या वळणाला ओकतात, वैनी, जिला फोटो पाहिजेत, आणि दादा, ज्याला ड्रायव्हिंग पाहिजे. सौ. ची एकच अट, डबा करणार नाही.

पहिलं नाव अर्थातच चोर्ला घाट. साखळी, केरी करत वर चढलं की अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसायला लागतं, पुढे गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्ही एकमेकांच्या अंगावर आलेले, पावसात डोंगरावरून जिकडे तिकडे पांढऱ्या रेघा, यात शंकाच नाही की भारी रस्ता आहे. कणकुंबीपर्यंत गेलं तर मलप्रभेचा उगमही बघून होतो. पण गेल्या वर्षी रविवारी गेलो तेव्हा काय झालं ते माझ्या अजून लक्षात आहे. धुकं इतकं की बॉनेट संपलं की जग संपलं, आणि त्या धुक्यात ऐन वळणावर लोक गाड्या लावून रस्त्यात उभे, कणीस खाताहेत, रील काढताहेत. त्यात आमचा वायपर. आदल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग केलेली, बिलात ‘वायपर ब्लेड’ लिहून पैसेही घेतलेले, आणि घाटात बघतो तर तोच जुना रबर काचेवर कुईं कुईं करत पाणी नुसतं इकडचं तिकडे सारतोय. मागून बस हॉर्न देतेय, पोरगं म्हणतंय ‘बाबा, आली’, आणि मला थांबायला हातभर जागा नाही. शेवटी पिशवी सापडली म्हणून सीट वाचली.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली. आपण ठिकाण निवडतो, आणि सहा तास बसतो रस्त्यावर. मग रस्ताच निवडावा ना! आणि रस्ता निवडताना तो किती सुंदर आहे हे नंतर, आधी हे बघायचं की त्याच्यावर मनाला येईल तिथे गाडी बाजूला घेता येते का. काचेतून पळणारं सौंदर्य मागच्या सीटवरच्या माणसाच्या काही कामाचं नाही, त्याला दिसते फक्त पुढच्याची मान.

दादाला हे फोनवर सांगितलं तर म्हणतो, ‘मग आंबोली.’ आंबोली चांगलीच आहे हो, वर्षाला 7000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारी जागा, कावळेसादची दरी, हिरण्यकेशीचा उगम, सगळं आहे. पण जोडून सुट्टी म्हणजे गोव्याची, कोल्हापूरची आणि बेळगावची निम्मी तरुण मंडळी त्या एका मुख्य धबधब्याच्या पायऱ्यांवर उभी असणार. आणि आम्हाला बांदा, सावंतवाडी, दाणोली करत तिथे पोचायलाच अर्धा दिवस. परतीला तोच रस्ता. हा माझा दुसरा नियम, जमेल तोवर गेलेल्या वाटेने परत यायचं नाही, परतीला तोच रस्ता असला की तो डबल लांब वाटतो.

अनमोड घाटाचा विचार दोन मिनिटं केला. मोलेचं जंगल म्हणजे जंगल, तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ तर मला गोव्यातल्या सगळ्या देवळांत जास्त आवडतं, कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, आणि शेजारून ओढा. पण बेळगावचा ट्रॅफिक त्याच रस्त्याला, पावसात आज दरड, उद्या रस्ता खचला, असं चालूच असतं, आणि दूधसागर धबधबा रस्त्यावरून दिसतो असा ज्यांचा समज आहे त्यांना सांगतो, दिसत नाही, कुळ्याहून जायच्या जीप पावसाळ्यात बंद असतात. नेत्रावळीला सावरीच्या धबधब्यापर्यंत चालावं लागतं, आईला जमणार नाही, वर जळवा. वैनीने ‘जळवा म्हणजे?’ विचारलं तिथेच तो विषय संपला.

मग एका रात्री जेवण झाल्यावर मॅप उघडून बसलो. माझी पद्धत सांगतो, कोणाला उपयोगी पडली तर पडली. सॅटेलाइट लावायचं, जाड पिवळे रस्ते सोडून द्यायचे आणि बारीक पांढरी रेघ कुठे पाण्याच्या किंवा डोंगराच्या कडेकडेने जाते ते बघायचं. मग त्या रेघेवर मध्ये मध्ये गावं आहेत का बघायचं, कारण गाव म्हणजे चहा, गाव म्हणजे बाथरूम. आणि मॅप सांगेल त्या वेळेला दीडने गुणायचं, आई असेल तर दोनने. असं करता करता बोट मडगावच्या खाली, असोळणा, बेतुल, काब द राम, खोला, आगोंद असं सरकत गेलं आणि चावडीला, म्हणजे काणकोणच्या बाजारगावात, हायवेला लागलं. परतीला करमल घाटातून बाळ्ळी, कुंकळ्ळी, मडगाव. म्हणजे गोल. फोंड्याहून फोंडा 130 किलोमीटरच्या आसपास. इतकी वर्षं गोव्यात राहून काणकोणला मी दर वेळी हायवेनेच गेलोय, ही किनाऱ्याची वाट कधी धरलीच नव्हती, लाजच वाटली जरा.

दादा म्हणाला, ‘अरे पण हे तर बीचच.’ म्हटलं गप बस आणि ये.

सकाळी साडेसातला निघालो. बोरीचा पूल ओलांडून मडगावला भाजी-पाव. वैनीला अजून पाव-भाजी आणि भाजी-पाव यातला फरक पटत नाही, तिने बटर मागितलं, हॉटेलवाला बाब नुसता हसला आणि पातळभाजी मिक्स करून समोर ठेवली, सोबत गरम उंडो, म्हणजे कडक गोल पाव, आणि एक मिरचीभजी. दोन प्लेटी खाल्ल्यावर बटराचा विषय परत निघाला नाही.

असोळण्याच्या पुढे साळ नदी समुद्राला मिळते तिथे कुटबणची जेटी. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपलेली, त्यामुळे ट्रॉलर नुकते सुटायला लागलेले, काही अजून रांगेत बांधलेले, रंग दिलेले, जाळी शिवणं चालू, आणि वास असा की दादाने काच वर केली आणि आईने खाली. आई म्हणाली, ‘दोन महिन्यांनी वास आला हो.’ फोंड्याची बाई बोलतेय हां, मासळीचा वास तिला मार्केटात रोज येतो, पण तो बर्फातल्या बाहेरगावच्या मासळीचा.

बेतुल सोडलं की रस्ता चढायला लागतो आणि अचानक वर सपाट होतं. सडा. जांभ्या दगडाचं मोठंच्या मोठं पठार, उन्हाळ्यात बघाल तर करपलेल्या भाकरीसारखं दिसेल, पण ऑगस्टात त्याच्यावर बोटभर गवत आणि खळग्या-खळग्यांत साचलेलं पाणी. लांबून नुसतं हिरवं. मी गाडी बाजूला घेतली (घेता आली! मागे कोणीच नव्हतं!) आणि सगळे उतरले, आईसुद्धा, कारण सपाट होतं. ती पाच पावलं चालली आणि खाली वाकून बघायला लागली. गवतात निळी-जांभळी, नखाएवढी फुलं, एक नाही दोन नाही, जिथे जिथे दगडावर पाण्याचा ओलावा तिथे गालिचाच. सीतेची आसवं. दिसायला एवढीशी नाजूक, पण हे झाड किडे खातं, मुळाशी बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतं, कारण त्या दगडावर मातीच नाही तर खाणार काय. हे सांगितल्यावर चिरंजीव अर्धा तास पोटावर पालथे पडून एखादा किडा अडकतो का बघत होते, शर्टाची वाट लागली, पण ओकारीची आठवण सुद्धा नाही. वैनीने चाळीस फोटो काढले, दादाने आधी मी कशाला थांबलो म्हणून घड्याळ बघितलं आणि मग तोही बूट काढून पाण्यात उभा राहिला.

पुढे काब द राम. किल्ल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, वनवासात राम-सीता इथे राहिले अशी लोकांची श्रद्धा, म्हणून नाव. आईने फुलांचा आणि किल्ल्याचा संबंध स्वतःच लावून टाकला, ‘म्हणून तिची आसवं वर सड्यावर.’ आता वनस्पतिशास्त्रवाले काय म्हणायचं ते म्हणू देत. इतिहास असा की सौंद्याच्या (आता कर्नाटकात) राजाकडून हा किल्ला पोर्तुगीजांकडे गेला, आणि नंतर विसाव्या शतकात सुद्धा इथे तुरुंग होता. कैद्याला ठेवायला यापेक्षा क्रूर जागा नसेल, समोर एवढा मोकळा समुद्र आणि जायला वाट नाही. आत खंदक, गंजलेल्या तोफा, काळ्या पडलेल्या जांभ्याच्या भिंती, आणि त्या सगळ्या काळ्यात सांत आंतोनीचं पांढरंशुभ्र चर्च. बुरुजापर्यंत आई आली नाही, ती चर्चच्या पायरीवर बसली. बुरुजावर वारा इतका की दादाची छत्री उलटी झाली ती सरळ होईना. खाली समुद्र निळा-बिळा काही नव्हता, गढूळ, चहाच्या रंगाचा, आणि लाट कड्यावर आदळली की आवाज जरा उशिरा वर यायचा. ‘रीलमध्ये हे असं येत नाही रे,’ दादा म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

बुरुजाच्या कडेला मात्र सांभाळा, पावसात जांभ्यावर शेवाळ असतं, चप्पल घालून शहाणपण करू नका. पोराचा दंड मी शेवटपर्यंत धरून ठेवला होता, तो चिडला तरी.

खोला गाव लागलं तिथे डोंगराच्या उतारावर मिरचीची लावणी दिसली, पावसाच्या पाण्यावरची. ही खोलाची मिरची, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली, रंगाला लालभडक, तिखटाला बेताची, रेशादच्या (मासळीत भरायच्या लाल) मसाल्याला आणि लोणच्याला लोक मुद्दाम हीच शोधत येतात. नवीन मिरची यायला अजून वेळ होता, पण रस्त्याकडेच्या एका दुकानात आत्याबाईसारख्या एका बाईंकडे गेल्या हंगामातली सुकी थोडी शिल्लक होती. भाव ऐकून वैनी गप्प. आईने मात्र एक मिरची उचलली, देठाशी मोडली, वास घेतला, आतलं बी बोटावर काढून बघितलं आणि कोंकणीत घासाघीस सुरू केली. ‘बाय, इल्लें कमी कर.’ ती बाई म्हणाली, ‘म्हातारे, दोंगराचेर चड आनी मागीर सांग.’ म्हणजे आधी डोंगर चढ, मग बोल. दोघी हसल्या. एक रुपया कमी झाला नाही, पण मूठभर जास्त पडली. अर्धा किलो घेतली, निम्मी पुण्याला.

आगोंदला जेवण, सोलकढी, तळलेला बांगडा, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही, बरं होतं. पाळोळेच्या बीचला गाडीतूनच नमस्कार केला, पार्किंग शोधण्यात जीव रमत नाही माझा.

परतीला करमल घाट. हायवे असूनही तो अजून अरुंद आणि वळणांचा, दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर येणारी, इथे मात्र थांबायच्या भानगडीत पडू नका, ट्रक येतात. तेवढ्या तुकड्यासाठी चिरंजीवांना पुढे बसवलं, लांब रस्त्याकडे बघायला सांगितलं आणि तोंडात आवळा सुपारी. निभावलं. वायपर या वेळी मी स्वतः दुकानातून आणून बसवला होता, आवाज नाही.

कोणी जाणार असेल तर, पेट्रोल मडगावलाच भरून घ्या, बेतुलच्या पुढे मोबाइलची रेंज जाते येते म्हणून मॅप आधीच डाउनलोड करा, सुटे पैसे ठेवा, आणि शक्यतो सकाळी लवकर निघा म्हणजे सड्यावर ऊन-पावसाचा खेळ बघायला मिळतो. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत फुलं. फुलांवर गाडी घालू नका, कडेलाच लावा.

कुंकळ्ळीला दादाने विचारलं, ‘पुढच्या वर्षी आंबोली ना?’ उत्तर द्यायला मागे बघितलं तर आई तोंड उघडं टाकून झोपलेली, मिरच्यांची पिशवी मांडीवर, आणि गाडीभर तिचा वास.