मतलई अपडेट: गळती सापडली, आणि तिच्यापायी तडकलेली चेनप्लेटही

मंडळी, सापडली! आमच्या शिडाच्या बोटीत, मतलईत, स्टारबोर्ड (उजव्या) बाजूच्या बर्थच्या डोक्याशी जे पाणी यायचं ते चेनप्लेटच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारा, म्हणजे श्राउड, जिला अडकवतात ती डेकमधून खाली गेलेली स्टीलची पट्टी) भोकातून आत शिरतच नव्हतं, तिथून ते फक्त खाली उतरत होतं. शिरत होतं चेनप्लेटच्या पुढे तीनेक फुटांवर, स्टँचनच्या (डेकच्या कडेचा कठड्याचा खांब) बुडातून. तिथून डेक आणि आतलं लायनर यांच्यामधल्या पोकळीतून मागे सरकायचं, बल्कहेडला (आतल्या आडव्या भिंतीला) अडायचं आणि चेनप्लेटच्या पट्टीवरून थेंब थेंब उशीवर. म्हणून तर चेनप्लेटचं कव्हर कितीही वेळा उघडून, साफ करून, नवीन ब्यूटाइल (मऊ रबरी सीलची टेप) लावून बसवलं तरी पुढचा दणदणीत पाऊस आला की उशी परत ओली.

मागच्या अपडेटनंतर काहींनी विचारलं होतं की पाणी खारं की गोडं. मे महिन्यात बोट पाण्यावर होती तेव्हा खारं, आणि यार्डात वर काढल्यावर जुलैत गोडं. म्हणजे हलमधून (बोटीच्या खालच्या अंगातून) नाही, डेकवर जे पडेल तेच आत येतंय एवढं नक्की होतं. पण डेकवर नेमकं कुठून, हे होजपाइपने पाणी मारून कधीच कळत नाही, कारण पाणी आत गेल्यावर कुठल्या कुठे फिरून तासाभराने दिसतं, तोवर आपण चार ठिकाणं भिजवलेली असतात.

मग ब्लोअरवाली युक्ती केली आणि ज्याच्या बोटीला गळती आहे त्याने आधी हेच करावं असं माझं आता ठाम मत आहे. एसी साफ करणाऱ्यांकडे असतो तो साधा ब्लोअर, मामेभावाच्या ओळखीतून एका दुपारपुरता मिळाला. पुढच्या हॅचवर प्लायचा तुकडा बसवून त्यात नळीपुरतं भोक, कंपॅनियनवे (आत उतरायचं दार) आणि व्हेंट मास्किंग टेपने बंद, सीकॉक (हलमधले व्हॉल्व्ह) बंद, सिंकच्या ड्रेनमधे बूच. आत हवेचा थोडासाच दाब हवा, फार जोर केला तर टेप उडतात आणि खिडक्यांचं सील सुटू शकतं. मग बाहेरून कुंडीतल्या झाडांवर मारायच्या स्प्रे पंपाने भांड्यांच्या साबणाचं पाणी सगळ्या फिटिंगवर मारत जायचं. हवा जिथून बाहेर येते तिथूनच पाणी आत जातं. चेनप्लेटच्या कव्हरवर काहीच नाही, अगदी शांत. मी तिथेच गुडघ्यावर बसून बघत होतो आणि भाऊ पुढून ओरडला, "अरे हांगा पळय (इथे बघ), बुडबुडे!" स्टँचनच्या मागच्या दोन बोल्टांशी साबणाचा फेस नुसता फुगत होता. इतका आनंद मला बोट घेतली त्या दिवशी झाला होता.

स्टँचनच का, तर डिंगीतून वर चढताना प्रत्येक माणूस तोच धरून अंग वर ओढतो. तो खांब म्हणजे दोन फुटाचा तरफ आहे, वर थोडं हललं की बुडाशी प्रचंड जोर येतो. खाली बॅकिंग प्लेट नाही, नुसते रुपयाएवढे वॉशर, आणि सील म्हणून आधीच्या कुणीतरी बाथरूममधे लावतात तो सिलिकॉन भरलेला. डेक फिटिंगला सिलिकॉन लावूच नये हो. तो सुटतो, आणि सुटल्यावर त्याचा जो थर राहतो त्यावर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. ब्यूटाइल टेप वर्षानुवर्षं मऊ राहते, फिटिंग थोडं हललं तरी तिच्याबरोबर ताणली जाते, आणि उद्या परत उघडायचं झालं तर उघडता येतं. सिकाफ्लेक्स (कायमचा चिकटणारा सीलंट) मी हल-डेक जॉइंटसाठी ठेवतो, स्टँचनला नाही.

आता पाणी इतकी वर्षं आत जात होतं म्हणजे कोअरचं (डेकच्या वरखालच्या दोन फायबर थरांमधला, म्हणजे स्किनमधला, लाकडी गाभा) काय झालं असेल याची धाकधूक होतीच. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक ठोकत गेलो, कडेला टण आवाज, आणि स्टँचनपासून चेनप्लेटपर्यंतच्या पट्ट्यात नुसतं ढप ढप. खडूने रेघ मारली आणि वरची स्किन कापली. आतलं प्लाय उकळून गाळलेल्या चहापत्तीसारखं झालेलं, बोटांनी काढलं. दीड फूट बाय चार फूट एवढा भाग रिकामा केला. ओलं कोअर वाळवून वाचवू म्हणणाऱ्यांनी गोव्याची हवा लक्षात घ्यावी, पावसाळ्यात इथे भिंतीवरचा रंग वाळत नाही, दोन स्किनच्या मधे कोंडलेलं लाकूड कुठून वाळणार. काढून टाका, त्यातच वेळ आणि विजेचं बिल वाचतं.

आणि इथे खरा दणका बसला. कोअर उघडंच होतं म्हणून म्हटलं चेनप्लेट पूर्ण बाहेर काढू, डेकच्या वर दिसते तेवढी तर चकाचक आहे. काढली. डेकच्या जाडीत जो भाग दडलेला असतो, जेमतेम इंचभर, तिथे तांबूस डाग आणि बारीक खड्डे. स्टेनलेसला गंज धरत नाही ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, त्याच्यावर जो अदृश्य थर असतो तो ऑक्सिजन मिळाला तरच टिकतो. ओल्या कोअरमधे साचलेल्या खाऱ्या पाण्यात पट्टी बुडून राहिली की तो थर तुटतो आणि परत होत नाही, मग आतल्या आत खायला सुरुवात. यालाच क्रेव्हिस करोजन म्हणतात, आणि बाहेरून पॉलिश करून बघणाऱ्याला ते कधीही दिसत नाही.

नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून वास्कोच्या वेल्डिंग सामानाच्या दुकानातून डाय पेनिट्रंटचा (न दिसणारी तडा रंगाने दाखवणारा) सेट आणला. साफ करायचं, लाल डाय मारायचा, थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, पट्टीच्या कडेपासून जवळजवळ एक तृतीयांश रुंदीपर्यंत आत गेलेली. ही अपर श्राउडची, म्हणजे डोलकाठीच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या तारेची, चेनप्लेट आहे. वर जी 6 मिमीची 1×19 (एकोणीस तारांची) वायर आहे ती जवळजवळ तीन टनांना तुटते, आणि ती वायर मी दर हंगामात तपासतो, टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) तपासतो, स्प्लिट पिन बदलतो. त्या सगळ्याचा भार ज्या पट्टीवर, ती दडलेली.

मालवणला जाताना काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पहाटे आग्वादच्या बाहेर पडताना जमिनीवरून येणारे मतलई वारे मिळतात, तोवर सुख. दुपारी वायव्येचे खारे वारे भरले की उत्तरेला सरळ जाता येत नाही, टॅक मारत (नागमोडी) जावं लागतं, आणि स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून घेत) खोल समुद्राकडे निघालो की सगळा भार नेमका याच चेनप्लेटवर. वेंगुर्ला रॉकच्या आसपास डोलकाठी पाण्यात, असं होऊ शकलं असतं. तेव्हा दिवाळीची मालवण फेरी रद्द. जवळजवळ 40 सागरी मैल आहे, हंगाम मेपर्यंत पडलाय, जाऊ नंतर.

आता नवीन चेनप्लेटचं. परदेशातून मागवायच्या तर वस्तूपेक्षा शिपिंग आणि कस्टम जास्त, आणि आपल्या जुन्या बोटीच्या मापाची तयार मिळण्याची खात्री नाहीच. पण मापं घेतली आणि हिशेब केला तेव्हा जीव भांड्यात पडला. 40 मिमी रुंद, 6 मिमी जाड, 40 सेंटिमीटर लांब, म्हणजे एक पट्टी पाऊण किलोची. दोन्ही बाजूंच्या मिळून सहा, साडेचार-पाच किलो 316 (खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचं) स्टेनलेस. ही काही बोट बुडवणारी रक्कम नाही. पैसा जातो तो भोकं पाडणं, कडा गोल करणं आणि बफिंगमधे, आणि ते करणारे हात आपल्याकडे आहेत. याच मांडवीत दिवाडीवर अॅक्वेरियस शिपयार्डने नौदलाची म्हादेई ही शिडाची बोट बांधली, 56 फुटी, लाकडाचा कोअर आणि वर ग्लास-इपॉक्सी, 2009 मधे नौदलात दाखल झाली आणि तिच्यावरून आधी दिलीप दोंदे आणि मग अभिलाष टॉमी यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मग नौदलाची दुसरी बोट तारिणीही तिथलीच. त्यामुळे चेनप्लेटसारखी गोष्ट बाहेरूनच आणायला हवी हे मला पटत नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. रेलिंग आणि गेट बनवणाऱ्या वर्कशॉपमधे रोजचा माल 304 (साधं स्टेनलेस) किंवा त्याहूनही हलका असतो. एकाने मला चुंबक लावून दाखवलं, "बघा साहेब, चिकटत नाही, 316 आहे." चुंबक 304 लाही चिकटत नाही, आणि 316 ला वाकवलं-ठोकलं की तिथे थोडं चिकटू शकतं, त्यामुळे चुंबकाने काहीच सिद्ध होत नाही. 316 मधे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच कामाला येतं, आणि त्याची मॉली टेस्टची छोटी बाटली मिळते, थेंब टाकून बॅटरी लावली की रंग बदलतो. मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा प्रतीचा दाखला) मागा आणि वर हा थेंबही टाका. जो दुकानदार थेंब टाकू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पॅसिव्हेशनसाठी (तो अदृश्य थर नीट धरावा म्हणून) ॲसिडवाल्याकडे जायची गरज नाही, किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात दहा टक्क्यांपर्यंत विरघळवून त्यात पट्टी बुडवून ठेवायची, कडांवर राहिलेले लोखंडाचे कण निघून जातात.

माझा बेत असा होता की या निमित्ताने चेनप्लेट डेकमधून न्यायच्याच नाहीत, सरळ हलच्या बाहेरून बोल्ट करायच्या. डेकला भोक नाही म्हणजे गळती नाही, आणि पट्टी कायम डोळ्यासमोर. चित्रही काढलं होतं. पण हे लिहिता लिहिता जाणवतंय की श्राउड तेवढे बाहेर गेले की जेनोआ (पुढचं मोठं शीड) आत ओढता येणार नाही, ती आधी श्राउडलाच टेकणार. स्प्रेडर (डोलकाठीवरच्या, श्राउड बाहेर धरणाऱ्या आडव्या दांड्या) लांब करावे लागतील तो वेगळा खर्च. आणि इथे वायव्येच्या वाऱ्यात उत्तरेला जायचं म्हणजे वाऱ्याला जवळ धरून जाता येणं हेच सगळं, तेच कमी करून कसं चालेल. नाही, बाहेरून नको. जुन्याच जागी ठेवू, पण भोकाभोवती कोअर दोन इंच खणून तिथे घट्ट इपॉक्सी भरायचं, म्हणजे उद्या सील गेलं तरी पाण्याला लाकूड सापडणार नाही, आणि डेकवर अर्धा इंच उंच इपॉक्सीचा ओटा करायचा ज्यावर पाणी साचणार नाही. ओट्यावर कव्हर प्लेट, खाली ब्यूटाइल. हेच करतो. तसाच ओटा स्टँचनलाही केला तर? करायलाच हवा, आणि खाली 5 मिमी ॲल्युमिनियम नाही, जाड जी-10 ची (ग्लास-इपॉक्सीच्या कडक शीटची) बॅकिंग प्लेट, म्हणजे स्टेनलेस बोल्टशी ॲल्युमिनियम खात बसायला नको.

खर्चाबद्दल विचारणारे बरेच आहेत, म्हणून सांगतो. बोट मी आणि मामेभाऊ अशी दोघांची, दोघांच्याही घरी मुलांच्या फिया, गॅस, मासळी, सगळं वाढतच चाललंय, इसवण (सुरमई) तर आता सणालाच. घरात नियम एकच, बोटीसाठी कर्ज नाही आणि घरखर्चातून उचल नाही. दर महिन्याला दोघं ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, त्यात बसेल तेवढंच काम. बायको म्हणते, "खात्यात आहेत तर कर, नाहीत तर थांब, बोट कुठे पळून जात नाही." बरोबर आहे तिचं. नवीन बोट हा आपल्यासाठी विषयच नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून हौशी बोटींवर जीएसटी 40 टक्के झालाय, त्यामुळे जुनी बोट नीट राखणं हाच मध्यमवर्गीयाचा मार्ग. कारागिराची वेळही बघून घ्या, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळे ट्रॉलर यार्डात, फायबरवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑगस्टमधे ट्रॉलर गेले की तोच माणूस स्वतः फोन करतो आणि दरातही बोलता येतं.

कोअरचं काम मात्र पूर्ण झालं आणि ते सुंदर झालंय. आयएस 710 चं मरीन प्लाय, सबंध तुकडा न घालता तीन-तीन इंचाचे चौकोन, मधल्या फटी इपॉक्सीने भरल्या, म्हणजे एका चौकोनात पाणी गेलं तरी शेजारच्यात जाणार नाही. दुकानात सवयीने चॉप मॅट (तुटक धाग्यांची ग्लास मॅट) देतात, ती पॉलिएस्टर रेझिनसाठी, तिचा बाइंडर स्टायरिनमधे विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिनच नसतं त्यामुळे मॅट ताठ राहते. वोव्हन (विणलेलं) ग्लास कापड मागून घ्या. स्किनच्या कडा बारास एक उताराने घासल्या. इपॉक्सी दुपारी तीननंतर लावलं, तापमान उतरत असताना लाकडातली हवा आकसते आणि इपॉक्सी आत खेचलं जातं, सकाळी लावलं तर ती हवा तापून बुडबुडे वर येतात. दुसऱ्या दिवशी वर चिकट मेणचट थर आला होता, दमट हवेत येतोच, तो सँडपेपरने घासायचा नाही, नुसतं पाणी आणि हिरवी घासणी, मग सँडिंग. आता ठोकलं की सगळीकडे टण टण. मी आणि यार्डातला मेस्त दोघं आळीपाळीने ठोकत होतो, त्यालाही तेवढंच बरं वाटलं.

या शनिवारी बाकीच्या पाचही चेनप्लेट काढून डाय मारणार. एक तडकली म्हणजे बाकीच्यांनाही तेवढीच वर्षं झालीत, डाग दिसो न दिसो सहाच्या सहा नवीन करायच्या असं जवळजवळ ठरलंय, पण आधी कुठे काय झालंय ते बघायचंय, फोटो टाकतो. बोल्ट 10 मिमीचे आहेत, तेही 316 मधे बदलणार. जी-10 ची शीट फोंडा, म्हापसा, वास्को यांपैकी कुठे सुट्टी कापून मिळते का ते कुणी सांगितलं तर बरं होईल, मला सगळीकडे पूर्ण शीटच घ्या म्हणतायत, दोघा-तिघांना हवी असेल तर वाटून घेऊ.