एसटीची चाकोरी आणि जीपीएसचे ठिपके

परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाण्याचे दोन मार्ग माझ्या नेहमीच्या वापरातले आहेत. एसटीने गेल्यास जिंतूर, मंठा, वाटूर फाटा, जालना आणि बदनापूर अशी गावे लागतात. रेल्वेने गेल्यास मानवत रोड, सेलू, परतूर करीत गाडी जालन्याला पोहोचते आणि तेथून पुढे लोहमार्ग व रस्ता साधारण एकाच दिशेने जातात. या दोन्ही प्रवासांत मी काही महिने फोनवर दर पाच सेकंदांनी जीपीएसची नोंद ठेवली आणि ग्राफहॉपर हे मुक्त स्रोत राउटिंग, म्हणजे वाट शोधून देणारे, सॉफ्टवेअर वापरून ते ठिपके प्रथम ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मुक्त नकाशाच्या रस्त्यांवर आणि नंतर वेळापत्रकावर बसवून पाहिले. काम हाती घेतले तेव्हा मला हा एकच प्रश्न वाटत होता, पण ते दोन निघाले. गाडी कोणत्या रस्त्याने गेली हा पहिला प्रश्न, आणि ती गाडी नेमकी कोणती होती हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकाशातून काढता येते, दुसऱ्याचे येत नाही.

ठिपक्याजवळचा सर्वांत निकटचा रस्ता निवडावा, हा सरळ वाटणारा उपाय फार लवकर फसतो. साठच्या वेगाने धावणारी गाडी पाच सेकंदांत सुमारे ८३ मीटर पुढे जाते, आणि खिडकीपासून दूर बसलेल्या प्रवाशाच्या खिशातला फोन तेवढ्यात दहा-वीस मीटर इकडेतिकडे सहज दाखवतो. त्यामुळे महामार्गावरची गाडी मधूनच सेवा रस्त्यावर उतरून पुन्हा वर चढल्यासारखी दिसते. ग्राफहॉपरची जुळणी ज्या पद्धतीवर उभी आहे ती पॉल न्यूसन आणि जॉन क्रम या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. (ठिपक्यांचा क्रम लावणाऱ्या माणसाचे आडनाव मराठीत 'क्रम' असे वाचले जावे, याची मला अजूनही गंमत वाटते.) तिच्यात प्रत्येक ठिपक्यासाठी आसपासच्या रस्त्यांवरील अनेक संभाव्य जागा उमेदवार म्हणून धरल्या जातात. उमेदवार ठिपक्यापासून जितका दूर, तितकी त्याची शक्यता कमी. आणि लागोपाठच्या दोन उमेदवारांमधले रस्त्याने मोजलेले अंतर त्यांच्या ठिपक्यांमधल्या सरळ अंतरापेक्षा जितके वेगळे, तितकी त्या जोडीची शक्यताही कमी. मग अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये दिलेल्या रीतीने संपूर्ण प्रवासभराची सर्वाधिक शक्य साखळी शोधली जाते. त्यामुळे एका ठिपक्याबद्दलचा निर्णय त्याच ठिपक्यावर घ्यावा लागत नाही. फाट्यावर गाडी कोणीकडे वळली हे पुढचे चार ठिपके पाहून मागाहून ठरते.

ही पद्धत मोटारीसाठी घडली आहे, आणि एसटी ही मोटार नव्हे, हे मला पहिल्याच नोंदीने दाखवून दिले. जालन्यापर्यंतची रेषा बहुतेक ठिकाणी निर्दोष आली होती, पण वाटेतल्या एका तालुक्याच्या स्टँडापाशी तिने विचित्र प्रकार केला: गाडी मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरली, तिथल्या तिथे उलटी फिरली आणि त्याच गल्लीतून परत आली, असे चित्र निघाले. कारण शोधायला गेलो तेव्हा कळले की नकाशात स्टँडाची हद्द काढलेली होती, पण आतली वाट कोणी काढलेली नव्हती. गाडी आत फलाटाला लागली तेव्हा तिचे ठिपके मुख्य रस्त्यापासून साठेक मीटर आत गेले, आणि आत एकही रस्ता नसल्यामुळे सॉफ्टवेअरने जवळची गल्ली उमेदवार म्हणून उचलली. मी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आत येण्याची व बाहेर पडण्याची वाट काढली, इतर वाहनांना मनाई आणि बसला मुभा अशी तिची नोंद केली, आणि पुन्हा जुळणी केली. चित्र जसेच्या तसे राहिले. मोटारीचे प्रोफाइल, म्हणजे त्या वाहनाला कोणते रस्ते चालतात याची सॉफ्टवेअरमधली नियमावली, त्या वाटेवरची मनाई इमानेइतबारे पाळत होते! बससाठी वेगळे प्रोफाइल करून, बसच्या परवानग्या वाचायला लावून नकाशा नव्याने आयात केला तेव्हा कुठे रेषा स्टँडात शिरली.

स्टँडातला दुसरा त्रास उभ्या गाडीचा आहे. दहा मिनिटे गाडी हलत नाही, पण ठिपके हलत राहतात, आणि त्यांचा जो पुंजका तयार होतो त्याच्या आधाराने जुळणी गाडीला मागेपुढे नाचवते. न्यूसन आणि क्रम यांनी यावर साधी तोड सांगितली आहे: मागील ठिपक्यापासून अपेक्षित चुकीच्या दुपटीपेक्षा कमी अंतरावर असलेला ठिपका वगळावा. त्यांच्या सिअ‍ॅटलमधल्या चाचणीत ही अपेक्षित चूक ४.०७ मीटर निघाली होती. माझ्या फोनसाठी १५ मीटर धरल्यावर समाधानकारक रेषा मिळाली, म्हणजे ३० मीटरांच्या आतली चुळबुळ गळून गेली. मात्र रस्त्यासाठी निरुपयोगी ठरलेले हे ठिपके फेकून देऊ नयेत. गाडी कुठे किती वेळ थांबली हे फक्त तेच सांगतात आणि दुसऱ्या प्रश्नात तीच माहिती कामाला येते.

रेल्वेचे काम त्या मानाने थोडक्यात आटोपले. रस्त्यांच्या प्रोफाइलला रूळ दिसतच नाहीत; म्हणून रेल्वेची नोंद त्यावर बसवली की जिथे रस्ता जवळ आहे तिथे ती निमूटपणे रस्त्यावर जाऊन बसते आणि जिथे नाही तिथे साखळीच तुटते. ग्राफहॉपरवरच आधारलेले ओपनरेलराउटिंग नावाचे मुक्त सॉफ्टवेअर रुळांचे जाळे वापरते. त्यावर बसवल्यावर उमेदवार फारसे उरले नाहीत, कारण स्टेशनांबाहेर आमच्याकडे रुळांना फाटे फुटण्याचे प्रसंगच कमी.

आता गाडी कोणती, हा प्रश्न. सार्वजनिक वाहतुकीचे वेळापत्रक लिहिण्याची जगभर चालणारी पद्धत म्हणजे जीटीएफएस. २००५ च्या सुमारास पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून ती निघाली. आरंभी नावातला 'जी' गूगलचा होता, पुढे तो 'जनरल'चा झाला. तिच्यात थांबे, मार्ग, फेऱ्या आणि प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ साध्या मजकुराच्या फायलींत असते. मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्या रातराणीची वेळ तिथे २५:१०:०० अशी लिहितात. फेरी ज्या दिवसाची, त्याच दिवसात ती मोजली जावी म्हणून. रस्त्याची आखणी देणारी फाइल मात्र ऐच्छिक आहे. ती नसेल तर फ्रायबुर्ग विद्यापीठात तयार झालेला फेडल हा मुक्त प्रोग्राम थांब्यांनाच विरळ ठिपके समजून ओपनस्ट्रीटमॅपवरून आखणी काढून देतो, म्हणजे आपलाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवतो. मी स्टँडातल्या फलकावरून वेळा उतरवून माझ्या मार्गापुरती एक छोटी जीटीएफएस हाताने लिहिली.

येथे प्रत्येक ठिपक्याचा उमेदवार हा रस्त्यावरची नुसती जागा राहत नाही. तो अमुक फेरी, तिच्या मार्गावरची अमुक जागा आणि तिथला अमुक उशीर असा तिहेरी होतो. मी प्रथम वेळापत्रक आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक दोन्ही बाजूंनी सारखाच धरला होता, आणि तीच चूक होती. समजा, एका मार्गावर दर पाऊण तासाला फेरी आहे आणि एक गाडी चाळीस मिनिटे उशिरा धावत आहे; अशा वेळी ती आपल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटे मागे असलेली पहिली गाडी असू शकते, किंवा पाच मिनिटे आधी निघालेली दुसरी. निव्वळ आकडे पाहणारा प्रोग्राम दुसरी निवडतो. एसटीने जन्मभर फिरलेला माणूस असे कधीच म्हणणार नाही, कारण गाडी उशिरा येते, पण वेळेआधी स्टँड सोडणे विरळा. म्हणून आधी निघण्याला जबर दंड आणि उशिराला सौम्य, असे नियम केले. शिवाय उशीर एकदम उगवत नाही आणि एकदम नाहीसाही होत नाही. म्हणून लागोपाठच्या दोन थांब्यांमध्ये उशीर अचानक बदलला तर त्यालाही दंड ठेवला. न्यूसन आणि क्रम यांनी अंतराच्या फरकाला जे स्थान दिले, तेच मी उशिराच्या फरकाला दिले.

थांब्यांच्या बाबतीत मात्र मी नियम मुद्दाम ढिला ठेवला. हात दाखवला की गाडी थांबते, आणि कोणी उतरणारे नसेल तर फाट्यावर थांबत नाही. त्यामुळे नेमलेल्या थांब्यावर न थांबल्याबद्दल किंवा भलतीकडे थांबल्याबद्दल फेरीचे गुण फारसे कापता येत नाहीत. उपयोग होतो तो मोठ्या स्टँडांचा. तिथे गाडी आत शिरते, नोंदणी होते, आणि तो दहा मिनिटांचा पुंजका वेळापत्रकातल्या वेळेशी ताडून पाहता येतो.

परभणीपासून नोंद सुरू केलेल्या माझ्या सर्व फेऱ्या आता योग्य ओळखल्या जातात. अडली आहे ती एक: त्या दिवशी फोनवरची नोंद बंदच राहिली होती आणि मंठ्याच्या पुढे मी ती चालू केली, त्यामुळे आरंभीचे स्टँड हाताशी नाही आणि प्रोग्राम लागोपाठच्या दोन फेऱ्यांना जवळजवळ सारखेच गुण देतो. खरे काय ते वाहकाने यंत्रातून काढून दिलेल्या तिकिटावर छापलेल्या वेळेवरून लगेच ठरले असते; पण ते तिकीट मी जालन्याला उतरताना चुरगाळून टाकले.