श्टाबीतले देवदूत

बर्लिनमध्ये नोव्हेंबर संपता संपता दुपारी चारलाच सूर्य मावळतो. इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात ऊ-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, डब्यात बसले की सगळे गप्प, आणि त्या शांततेचं मला दडपण यायचं. मग समोरच्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा मी अंदाज बांधत बसायचे. ही सवय मला एका सिनेमाने लावली: विम वेंडर्सचा १९८७ चा ‘डेर हिमेल यूबर बर्लिन’. म्हणजे ‘बर्लिनवरचं आकाश’, पण जर्मनमध्ये आकाश आणि स्वर्ग दोन्हींना ‘हिमेल’ हा एकच शब्द. पुण्यात कॉलेजात असताना तो पाहिला होता, पण खरा कळला तो इथे आल्यावर.

गोष्ट साधी आहे. दामिएल आणि कासिएल हे दोन देवदूत लांब ओव्हरकोट घालून दुभंगलेल्या बर्लिनमध्ये फिरतात, माणसांच्या मनातलं ऐकतात. मुलांखेरीज ते सहसा कुणाला दिसत नाहीत. त्यांना जग कृष्णधवल दिसतं. दामिएल झोपाळ्यावर कसरत करणाऱ्या मारियॉनच्या प्रेमात पडतो, अमरत्व सोडतो, आणि पडदा रंगीत होतो. डोक्याला खोक पडलेली असताना तो रस्त्यातल्या माणसाला भिंतीवरच्या रंगांची नावं विचारतो, मग टपरीवरची गरम कॉफी घेतो. दामिएल झालेल्या ब्रुनो गांझचा त्या वेळचा चेहरा मी कितीही वेळा पाहू शकते.

ते कृष्णधवल चित्रीकरण सत्तरी ओलांडलेल्या आंरी आलेकाँ यांचं. लेन्सवर त्यांनी आपल्या आजीचा रेशमी मोजा ताणून बसवला होता. त्यामुळे त्या धुरकट शहरावर एक माया पसरल्यासारखी वाटते.

पण माझा जीव अडकलाय तो ग्रंथालयाच्या प्रसंगात. पोट्सडामर श्ट्रासे या रस्त्यावरची, वास्तुरचनाकार हान्स शारूनची ही इमारत १९७८ मध्ये खुली झाली. इथे तिला सगळे ‘श्टाबी’ म्हणतात. सिनेमात तिथे वाचणाऱ्यांचे मनातले आवाज एकमेकांत मिसळून गुंजारव होतो आणि देवदूत त्यांच्या खांद्याशी उभे असतात. मी तिथे अभ्यासाला बसते. समोर जर्मन पुस्तक, मनात मात्र मराठी: आईचा फोन राहिला, हिशोब जमत नाही, व्हिसाची तारीख. या सिनेमात तुर्की बोलही ऐकू येतात. बाहेरून आलेल्या माणसाचंही मन असतं आणि तेही कुणीतरी ऐकतंय, एवढं त्याने मला दिलं.

याच ग्रंथालयात होमर नावाचा एक म्हातारा भेटतो. पुढे तो ओसाड माळावर पोट्सडामर प्लाट्झ हा जुना चौक शोधत फिरतो आणि त्याला तो सापडत नाही. ही भूमिका करणारे कुर्ट बोइस मूळचे बर्लिनचेच. ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि ते १९५० मध्ये परतले. त्यामुळे तो शोध मला अभिनय वाटतच नाही. सिनेमानंतर दोन वर्षांनी बर्लिनची भिंत पडली. आता त्या माळावर काचेच्या उंच इमारती आहेत. ‘कथानक काय आहे यात?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी आधी हा एवढाच भाग दाखवते.

काल संध्याकाळी श्टाबीतून निघाले तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. पोट्सडामर प्लाट्झला भिंतीची जागा दाखवणारी दगडांची दुहेरी ओळ रस्त्यात बसवलेली आहे. तिच्याजवळ एक आजोबा टोपी सावरत, मान वर करून इमारती पाहत उभे होते. मी जरा थांबले. मग कोपऱ्यावर कॉफी घेतली आणि हात शेकत स्टेशनचा जिना उतरले.