क्रेस्टेड गेकोला ताजं फळ: कोणतं, किती आणि बडोद्याच्या उकाड्यात किती वेळ

गेको म्हणजे पालीच्या जातीचा प्राणी. त्यातल्या लेपर्ड गेकोला फळ द्यायचं नाही. चाखायलाही नाही. हा मुद्दा आधी मिटवलेला बरा, कारण आपल्याकडे घरोघरी जे गेको पाळलेले दिसतात त्यांत लेपर्डच जास्त, आणि घरातली मंडळी कौतुकाने केळ्याचा तुकडा त्याच्यापुढे धरतात. लेपर्ड आणि आफ्रिकन फॅट-टेल हे किडे खाणारे प्राणी. फळातली साखर आणि तंतू पचवायची सोय त्यांच्या आतड्यात नाही.

फळाचा प्रश्न येतो तो क्रेस्टेड गेको, गार्गॉइल गेको आणि डे गेको यांच्यापुरता. पहिले दोघे प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचे. क्रेस्टेड तर नामशेष झाला असंच मानलं जात होतं, तो 1994 मध्ये पुन्हा सापडला. रानात तो किडे खातो आणि पिकून मऊ झालेली फळं, फुलांतला मध चाटतो. गार्गॉइलचा आहारही साधारण असाच, फक्त त्याला प्रथिनं थोडी जास्त लागतात. डे गेको मुख्यतः मादागास्कर आणि आजूबाजूच्या बेटांवरचे. त्यांच्या फेल्सुमा जाती सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात, तेव्हा असा गेको घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. आणि कुणी ‘फळं खाणारा मोठा देशी गेको’ म्हणून टोके विकायला आणला तर तिथेच विषय संपवावा. टोके वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, पाळणं सगळाच गुन्हा, आणि तो फळं खात नाही हे वेगळंच.

इथून पुढे सगळं क्रेस्टेडबद्दल.

फळ हे त्याचं जेवण नाही. जेवण म्हणजे पाण्यात कालवायची तयार पावडर. पँजिया, रेपाशी ही त्यातली नेहमीची नावं. त्यात प्रथिनं, कॅल्शियम, डी-3 जीवनसत्त्व सगळं मोजून घातलेलं असतं. फळ आठवड्यातून एकदा, तेही पावडरीत मिसळून. नुसतं फळ दिलं की दोन गोष्टी होतात. गोड चव लागलेला गेको पावडरीकडे पाठ फिरवतो, आणि एकदा रुसला की त्याला परत पावडरीवर आणायला आठवडे लागतात. दुसरं म्हणजे त्याची हाडं हळूहळू रिकामी होऊ लागतात.

ते कसं, हे आकड्यांतच पाहिलेलं चांगलं. सरपटणाऱ्यांच्या खाण्यात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम लागतं. फॉस्फरस वरचढ झाला की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते उचलायला लागतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम पिकलेल्या पपईत सुमारे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 10 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणजे प्रमाण अगदी हवं तसं. ताज्या अंजिरात 35 ला 14. चिकूत 21 ला 12. आंब्यात 11 ला 14, म्हणजे पारडं उलट्या बाजूला झुकलेलं. पेरूत 18 ला 40. केळ्यात 5 ला 22, म्हणजे कॅल्शियमच्या चौपटीहून जास्त फॉस्फरस. द्राक्षं 10 ला 20.

यावरून कुणी म्हणेल, मग रोज पपईच देऊ, प्रमाण तर बरोबर आहे. इथेच बरेच जण चुकतात. प्रमाण बरोबर असलं तरी माल तुटपुंजा आहे. 100 ग्रॅम पपईत प्रथिनं जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि पूर्ण वाढलेला क्रेस्टेड स्वतःच 35 ते 50 ग्रॅमचा. तो एका रात्रीत चमचाभरसुद्धा चाटत नाही. त्यात त्याला कितीसं कॅल्शियम मिळणार? पपई निरुपद्रवी आहे, पण पोट भरायला पुरी पडत नाही.

मग वरून कॅल्शियम टाकायचं का? नुसतं फळ अधूनमधून देणार असाल तर हो, पण किती ते ऐका. 10 ग्रॅम केळ्याचं प्रमाण दोनास एक करायला सुमारे 4 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 40 टक्के कॅल्शियम असतं, तेव्हा पावडर झाली 10 मिलिग्रॅम. दात कोरायच्या काडीच्या टोकावर मावेल एवढीच. चिमूट म्हणजे त्याच्या कितीतरी पट. तयार पावडरीत फळ मिसळून देत असाल तर वेगळं कॅल्शियम लागतच नाही. सरपटणाऱ्यांसाठी मिळणारी साधी कॅल्शियम कार्बोनेटची पावडर वापरावी. लहान मुलांचं कॅल्शियमचं सिरप किंवा चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर, स्वाद आणि माणसाच्या मापाने घातलेलं डी-3 असतं. आणि पानाचा चुना तर चुकूनही नको. ‘चुना म्हणजे कॅल्शियमच ना’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, त्यांचं अगदीच खोटं नाही, पण तो पाण्यात विझवलेला चुना आहे, दाहक. आपलं तोंडही तो जास्त झाला तर पोळतं, मग गेकोच्या जिभेचं काय होईल.

फळ निवडताना बडोद्यात तसं अवघड काही नाही. खंडेराव मार्केटात बारा महिने पपई मिळते आणि पपई हेच पहिलं फळ असावं. पूर्ण पिकलेली, बोटाने दाबली तर दबणारी. अर्धवट हिरव्या पपईत पांढरा चीक असतो, तो नको. साल जाड काढायची, बिया आणि त्यांच्याभोवतीची पातळ त्वचा खरवडून टाकायची. थंडीत ताजं अंजीर मिळालं तर त्याहून उत्तम. गर चमच्याने काढून घ्यायचा, साल टाकायची. सुकं अंजीर नको, त्यात साखर एकवटलेली असते आणि चिकटपणाही. चिकू पूर्ण पिकलेला असेल तरच, कच्च्यात चीक आणि तुरटपणा दोन्ही. तो फार गोड असल्यामुळे महिन्यातून एकदा पुरे. कमलम् म्हणून विकलं जाणारं ड्रॅगन फ्रूट पाणीदार असतं, बहुतेक क्रेस्टेड आवडीने चाटतात. त्याच्या बारीक बिया मऊ असतात, त्या राहिल्या तरी चालतात.

आंब्यावर थोडं जास्त लिहायला हवं, कारण मे-जूनमध्ये घरात केसरच्या पेट्या आल्या की गेकोचाही वाटा निघतोच. देठाजवळचा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून आंबा आधी अर्धा-एक तास पाण्यात बुडवून ठेवावा, देठाकडचा भाग बोटभर कापून टाकावा आणि सालीला लागलेला गर घेऊ नये. कोयीजवळचा रेषाळ गरही नको, धागे जिभेला आणि दातांना अडकतात. मधला मऊ गर गाळणीतून दाबून काढला की काम झालं. पिकवण्याचा प्रश्न मात्र राहतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसयुक्त विषारी घटकांचे अंश असतात. इथिलीन वायूने, ठरवून दिलेल्या मर्यादेत पिकवायला परवानगी आहे. वरून एकसारखा पिवळाधमक, आत मात्र कडक आणि बेचव असा आंबा आपणही खाऊ नये, गेकोला देऊ नये. थोडे कच्चट आंबे आणून घरीच अढी घालणं सगळ्यात निर्धास्त.

केळं आमिष म्हणून ठीक. नव्याने आणलेला गेको पावडरीला तोंड लावत नसेल तर कालवणात चिमटीएवढं पिकलेलं केळं कुस्करावं आणि आठवड्याभरात कमी करत बंद करावं. द्राक्षांवर फवारणी फार, साल कोण काढत बसणार, आणि मिळणार काय, तर साखरपाणी. सोडून द्यावीत. सफरचंद, नासपती किसून, पिळून दिली तर चालतात, पण त्यांच्यासाठी एवढी खटपट करावी असं त्यांत काही नाही.

नको असलेली फळं थोडक्यात सांगायची तर: अव्होकॅडो अजिबात नाही, त्यातलं पर्सिन अनेक प्राण्यांना विषारी ठरतं. संत्रं, मोसंबी, लिंबू, अननस आंबट म्हणून नाहीत. कमरख (स्टार फ्रूट) नाही, त्यात ऑक्झॅलेट भरपूर आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. सीताफळाचा गर वाईट नाही, पण बिया विषारी आहेत आणि एकही बी चुकून फुटली, मिक्सरमध्ये गेली तर पंचाईत. तेवढ्यासाठी जोखीम कशाला घ्यायची. डब्यातली पाकातली फळं, मुरंबा, आमरसाचे डबे, मध, गाडीवरची मीठ-मसाला लावलेली फळं, यांतलं काहीही नाही. आणि बाळाच्या दूध-धान्याच्या पावडरीत फळ कालवून देण्याची एक पद्धत कुणीतरी रुजवली आहे, तीही बंद करावी. गेकोला दूध पचत नाही.

आता कालवण. एक चमचा पावडर, दोन चमचे गार पाणी, अर्धा चमचा गाळलेला गर. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला. आधी पावडर आणि पाणी ढवळून गुठळ्या मोडायच्या, पाच मिनिटं ठेवायचं म्हणजे ते जरा दाटतं, मग गर घालायचा. गर पाणीदार असेल तर पाणी थोडं कमी घ्यायचं. पातळ इडलीच्या पिठासारखं झालं पाहिजे. फार घट्ट झालं तर जिभेने उचलत नाही, फार पातळ झालं तर पाणीच पाणी पोटात जातं. हे सगळं एकाच गेकोसाठी नाही. मोठ्याला यातला अर्धा ते पाऊण चमचा, पिलाला पाव चमच्याहून कमी. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी चालतं, तिसऱ्या दिवशी नाही. फ्रिजमधून काढून थेट वाढू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

भांडं म्हणून पाण्याच्या बाटलीचं झाकण पुरतं. ते जमिनीवर ठेवण्यापेक्षा गेको राहतो त्या टाकीच्या मध्यावर किंवा त्याहून उंच, फांदीजवळ अडकवावं. क्रेस्टेड झाडावरचा प्राणी आहे, खाली उतरून खायला तो कचरतो, शिवाय खाली सांडलेला गर मातीत आणि शेवाळ्यात मुरून बुरशी धरतो.

वेळेचं गणित इथल्या हवेत सगळ्यात महत्त्वाचं. क्रेस्टेडला 22 ते 26 अंश सेल्सियस मानवतं, 28 च्या वर त्याला ताण येतो आणि 30 च्या वर बराच वेळ राहिला तर जिवावर बेततं. बडोद्यात मे महिन्यात दुपारी पारा 40 च्या पुढे जातो, म्हणजे एसीशिवाय हा प्राणी इथे पाळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कूलरवर भागवता येत नाही. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असताना कूलर गारवा देत नाही, नुसता ओलावा वाढवतो. एसी चालू असलेल्या खोलीत रात्री दिवे मालवताना वाढलेलं फळाचं कालवण सकाळी सातपर्यंत काढून टाकावं. फळ नसलेलं कालवण साधारण 24 तास चालतं, फळ असलेलं नाही. वीज जाऊन खोली तापली तर तीन-चार तासांत ते फसफसायला लागतं. आंबूस वास, कडेला बुडबुडे, वर चिलटं घोंगावताना दिसली की समजावं. चिलटं गेकोने खाल्ली तर काही होत नाही, पण आंबलेला गर पोटात गेला की पोट फुगतं, हगवण लागते. उन्हाळ्यात एसी दुरुस्तीला गेला असेल त्या आठवड्यात फळ देऊच नये, नुसती पावडर द्यावी.

हंगाम संपल्यावरही केसर द्यायचा असेल तर गाळलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक चमचा घालून गोठवावा आणि गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवावेत. महिनाभर चांगले राहतात. लागेल तसा एक गोळा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचा. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही.

खाऊन झाल्यावर तोंडावर, बोटांवर गर सुकलेला दिसला तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसावं. सुकलेला गर बोटांना चिकटून राहिला तर कात टाकताना तिथली त्वचा अडकते.

फळ मानवतंय की नाही हे विष्ठेवरून कळतं. फळाच्या दुसऱ्या दिवशी ती थोडी सैल असणं ठीक, सलग दोन-तीन दिवस पाण्यासारखी असेल तर फळ बंद. सोबतचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसला तर अंगात पाणी कमी आहे. आठवड्यातून एकदा 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करावं. दहा टक्क्यांनी उतरलं तर वाट पाहत बसू नये. तसंच जबडा मऊ किंवा वाकडा वाटणं, शेपटी अथवा पाठ नागमोडी दिसणं, चढताना पकड सुटणं, अंगाला कंप येणं ही कॅल्शियम संपत आल्याची लक्षणं आहेत. अंडी घालणाऱ्या मादीत ती लवकर दिसतात, कारण हंगामात ती महिना-दीड महिन्याने दोन-दोन अंडी घालते आणि प्रत्येक अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं. अशा मादीला हंगामभर फळ न दिलेलंच बरं.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सरपटणाऱ्यांचा सराव असतोच असं नाही, म्हणून असा सराव असलेला पशुवैद्य गेको ठणठणीत असतानाच शोधून ठेवावा. जाताना ताजी विष्ठा छोट्या झिप पिशवीत, पावडरीच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो आणि वजनाची वही बरोबर न्यावी. गेकोला हवेशीर डब्यात ओलसर टिश्यू पेपरवर ठेवावं, आणि उन्हाळ्यात निघायचं ते सकाळी लवकर.