क्रेडिट कार्डाची वार्षिक फी माफ करून घेताना
कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन ओळी आल्या: ॲन्युअल फी ९९९ रुपये आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) १७९.८२. म्हणजे ११७८.८२. बिल महाराष्ट्रातून निघालं आणि माझा पत्ता बेळगावचा, म्हणून १८ टक्के कर आयजीएसटीच्या एकाच ओळीत दिसतो. कोल्हापूरचा पत्ता असता तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) ९-९ टक्के दिसले असते. रक्कम तीच.

वर्षाला एक लाख खर्च केला तर फी माफ, अशी माझ्या कार्डाची अट. इथे वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नाही, एप्रिल ते मार्चही नाही. कार्ड मंजूर झालं त्या तारखेपासूनचे बारा महिने. स्टेटमेंटची तारीख या तारखेशी जुळत नाही, त्यामुळे मी प्रत्येक व्यवहाराची तारीख बघून बेरीज केली: १,०८,४००. मग अटींचा कागद काढून त्यातलं न धरलं जाणारं वजा केलं. पेट्रोल, घरभाडं, रोख काढलेले पैसे, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम बहुतेक कार्डांवर धरत नाहीत. यादी प्रत्येक कार्डाची वेगळी. कोल्हापूरकडे जाताना कोगनोळीच्या टोलसाठी वॉलेटमधून फास्टॅग भरत असाल तर ते पैसे बहुधा इथे गळतात. परत केलेल्या वस्तूंचे पैसेही वजा. तरी १,०२,२०० उरले.

फोनवर मराठीत बोलता आलं, पण तक्रार ईमेलनेच केली, बेरजेचा तक्ता जोडून. लेखी पुरावा हवाच, कारण ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. दरम्यान पूर्ण बिल भरलं. फीचा वाद आहे म्हणून तेवढी रक्कम मागे ठेवली, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. हजारासाठी ते अजिबात परवडत नाही. पुढच्या स्टेटमेंटवर फी परत जमा झाली. आयजीएसटीची ओळ वेगळी जमा झाली का, तेही बघा, कधीकधी नुसती फी परत येते.

खर्च अटीइतका होतच नसेल तर फी लागण्याआधी कार्ड बंद करायला सांगा. बाकी शून्य असेल तर बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत आणला. रिवॉर्ड पॉइंट मात्र आधी वापरून टाका, आणि ईएमआय चालू असेल तर उरलेली मुद्दल एकदम मागतात.