पॅरा एसएफच्या प्रोबेशनची तयारी: माझा अनुभव

साताऱ्याकडच्या भरती अकॅडमीतली पोरं भेटली की पहिला प्रश्न दंडाचा असतो. पुलअप्स किती मारायचे, वजन किती उचलायचं. मी त्यांना आधी बूट काढायला सांगतो. नखं बघतो, टाचा बघतो. पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसचं (पॅरा एसएफ) प्रोबेशन, म्हणजे निवडीआधीचा कसोटीचा काळ, काढायचं असेल तर तयारी तळपायापासून सुरू होते, हे मी स्वतः त्यातून गेलोय म्हणून ठामपणे सांगतो.

मी मूळचा मराठा लाइट इन्फंट्रीचा. बेळगावच्या सेंटरला रंगरूट असतानाच पॅराची ओढ लागली. तिथं हा इतिहास कानावर पडतोच. 11 डिसेंबर 1971 ला, आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्रीने उतरून पुंगलीचा पूल घेणारी 2 पॅरा ही पूर्वीची मराठ्यांची तिसरी पलटण. आमची एकविसावी पलटण 1996 मध्ये 21 पॅरा एसएफ झाली. आपल्याच मुलखातल्या माणसांनी हे केलंय, मग आपणही उतरून बघू, असं मनाने घेतलं.

युनिटमध्ये काही वर्षं काढल्यावर व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. सुभेदार साहेबांनी विचारलं, "घरी सांगितलंस?" सांगितलं नव्हतं. म्हणाले, "आधी आईला सांग, मग सही कर. तिथं रात्री घर आठवतं, तेव्हा मनात चोरी नको." सुट्टीवर आलो आणि चुलीपुढंच सांगून टाकलं. आईने एवढंच विचारलं, "कुणी पाठवतंय का तू जातोयस?" मी जातोय म्हटल्यावर तिने दुसरा प्रश्न केला नाही. मनाची तयारी म्हणतात ना, तिचा मोठा भाग त्या संध्याकाळी झाला.

सुट्टीतच शरीराचं काम सुरू केलं. फौजेत तेव्हा बीपीईटी, म्हणजे शारीरिक क्षमतेची चाचणी, सगळ्यांनाच द्यावी लागायची: हत्यार आणि सामानासह 5 किलोमीटर धाव, दोर चढणं, 9 फुटी खड्डा. त्यात मी चांगला होतो. पण 5 किलोमीटर पळणं वेगळं आणि पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची फौजी पिशवी, घेऊन 30-40 किलोमीटरचा स्पीड मार्च काढणं वेगळं. म्हणून पळणं थोडं कमी केलं आणि वजन घेऊन झपाझप चालणं वाढवलं. पिट्टूत वाळू भरली, पण सुटी नाही. सुटी वाळू तळाला बसते आणि कंबर ओढते. छोट्या पिशव्यांत घट्ट बांधून, पाठीला चिकटून, खांद्याच्या पातळीला येईल अशी रचली. वजन हळूहळू वाढवायचं, एखाद-दुसऱ्या किलोने. घाई केली की नडगी धरते, आणि नडगीचं दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक चीर जाते. चांगली पळणारी पोरं मी यापायी परत गेलेली पाहिली आहेत.

चढाला अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट. चढताना दम लागतो, पण पाय खरे तयार होतात उतरताना. मांडीच्या पुढच्या स्नायूचा कस उतारावरच लागतो. उतारावर पळायचं नाही, पावलं छोटी टाकायची.

आणि तळपाय. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर नख मांसात शिरतं. बूट आधीच पायात मुरलेले हवेत. मोजे भिजले की बदलायचे, काढलेला जोड पिळून पिट्टूच्या बाहेर वाळत टाकायचा. एखादी जागा गरम लागायला लागली की लगेच थांबून टेप मारायची. फोड आल्यावर मारलेली टेप उपयोगाची नाही. फोड आलाच तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी ओढायची नाही. मी हे रोज रात्री कंदिलाच्या उजेडात करायचो. थोरला भाऊ म्हणायचा, "नवरीगत पाय काय बघत बसतोस!" पण पुढे त्याच पायांनी साथ दिली.

पोहणं माझी कमजोर बाजू. आम्ही माणचे, आमच्या विहिरी उन्हाळ्यात तळाला गेलेल्या. कराडकडच्या मित्राच्या विहिरीवर जाऊन कपड्यांसकट पोहायला शिकलो. पाण्यात आधी श्वास सोडायला शिकायचं, हात मारणं नंतर. भीती छातीत कोंडलेल्या हवेची असते, पाण्याची कमी.

प्रोबेशन साधारण 90 दिवसांचं. तिथं पद आणि जुनी कामगिरी काही चालत नाही. आत काय काय करवतात ते सगळं मी लिहिणार नाही, आणि ते आधी कळून फायदाही नाही. शारीरिक रगडा असतोच: टायर, ओंडके, पाण्याचे जेरीकॅन, खांद्यावर आपला बडी, म्हणजे जोडीदार. पण त्याहून अवघड म्हणजे झोप तोडणं. एका संध्याकाळी उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, जमिनीवर ताडपत्री पसरून त्यावर किरकोळ वस्तू मांडल्या. काडतुसाची रिकामी पुंगळी, चावी, दोऱ्याचं रीळ, फुटलेलं बटण असल्या. मिनिटभर बघू दिलं, झाकलं आणि रात्रभर आम्हाला चालवलं, लोळवलं, भिजवलं. पहाटे दात वाजत असताना एकेकाला बोलावून विचारलं, काय काय होतं आणि बटण कुठल्या रंगाचं. मी वाटेत बडीबरोबर पुटपुटत आलो होतो, चावी डावीकडे, रीळ मधे, बटण हिरवं. त्या पुटपुटण्याचा दुहेरी फायदा झाला. वस्तू आठवल्या, आणि अंग किती दुखतंय याचा हिशेब करायला डोकं मोकळं राहिलं नाही.

लांबच्या मार्चवर रस्त्याकडेला ट्रक उभा असायचा. आत चहाचा वाफाळता थर्मास. उस्ताद शांतपणे विचारायचे, "थक गये हो? बैठ जाओ।" ओरडणं नाही, टोमणा नाही. बसलं की संपलं, आरटीयू, म्हणजे आपल्या युनिटला परत. बाहेर लोकांना वाटतं की तिथं पोरांना नापास करून काढतात. मी पाहिलं त्यात बरेच जण स्वतःहून बसले, आणि तेही पहाटेच्या तीन-चारच्या सुमाराला. त्या वेळी माणूस स्वतःला जे सांगतो ते खोटं असतं. म्हणून मी घरून निघतानाच ठरवलं होतं: सोडायचंच असेल तर उजाडल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर ठरवायचं. अंधारात नाही, भुकेल्या पोटी नाही. ट्रक दिसला की हाच नियम मनात घोळवायचो आणि पुढच्या विजेच्या खांबापर्यंत चालायचो. खिशात शंकरपाळ्यांची पुडी असायची, त्यातली एक जिभेवर ठेवायची. उजाडल्यावर सोडायचा विचार मनात पुन्हा आला नाही.

बडीशी पटणं फार महत्त्वाचं. माझा बडी गढवालचा. त्याला माझी मराठी कळत नव्हती, पण माझं पाऊल अडखळलं की त्याला आधी कळायचं. तो पाणी प्यायला विसरायचा, मी त्याच्या हातात बाटली द्यायचो. एकट्याने मी ते निभावलं असतं असं मला वाटत नाही.

पुढे आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, मग छातीवर विंग्ज, पॅराट्रूपरचा पंखांचा बिल्ला. दारात उभं राहिल्यावर पोट आत ओढलं जातं, पण प्रोबेशन काढलेल्या माणसाला ती उडी सोपी जाते. मरून बेरे, पॅराची ती गडद तांबडी टोपी, डोक्यावर आली तेव्हा आईला फोन केला. तिने विचारलं, "पाय बरे आहेत का?"

जे परत गेले त्यांच्याबद्दल कुणी हलकं बोललं की मला राग येतो. ती सगळी स्वतःहून पुढे आलेली, घाम गाळलेली पोरं. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या पलटणीत नेकीने नोकरी केली. आमच्यातला नाशिककडचा एक पोरगा खांदा निखळल्यामुळे परत गेला होता. त्याने तो नीट बरा होऊ दिला, वर्षभर खपून पुन्हा आला, आणि त्या वेळी टिकला.